एका कान्याचे अंतर

वाचकाचे पत्र, थोडक्यात: "मी अमळनेर तालुक्यातील एका गावची. इंग्रजी विषयात एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभिजात कादंबऱ्यांमधील 'वेगळे ठेवणे' आणि 'एकाकीपण' या समान सूत्रांवर मला प्रकल्प लिहायचा आहे. त्यासाठी जॉन स्टाइनबेक यांची 'ऑफ माइस अँड मेन' आणि हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' या दोन कादंबऱ्या घेतल्या आहेत. मार्गदर्शकांनी सांगितल्याप्रमाणे पात्रांचा तक्ता केला. नऊ नावे आली आणि नवांपुढेही 'एकाकी' हाच शब्द आला. सुटीत घरी आजीला 'ऑफ माइस अँड मेन'मधल्या क्रुक्सची, म्हणजे तबेला सांभाळणाऱ्या काळ्या गड्याची गोष्ट आमच्या अहिराणीत सांगत होते. माझे आजोबा तीस वर्षे एकाच घरी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचे शेतगडी होते. आजीने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, 'म्हंजे त्याना बी कप गोठामाच व्हता.' तेव्हापासून मला एक ओळ लिहवत नाही. आजोबांविषयी प्रकल्पात लिहावे का? मार्गदर्शक म्हणतात, वैयक्तिक काही आणू नका. आणखी एक. पहिल्या वर्षी वसतिगृहात दोन मुलींनी माझे आडनाव विचारले आणि दुसऱ्या दिवसापासून त्या डबा घेऊन दुसरीकडे बसू लागल्या. मग मीच वेगळी बसू लागले. आता वर्गातली एक मुलगी रोज चहाला चल म्हणते आणि मी रोज नाही म्हणते. मला वेगळे ठेवले गेले आहे, की माझा स्वभावच एकलकोंडा आहे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तक्त्यात जे आले नाही ते तुमच्या आजींनी एका वाक्यात सांगितले आहे. क्रुक्सला कसे वाटत असेल, हे त्यांनी विचारले नाही. त्याचा कप कुठे ठेवलेला होता, हे त्यांना कळले आणि तेवढ्यावरून बाकीचे सारे कळले. तुमचा प्रकल्प अडला आहे तो नेमका इथेच, असे मला वाटते. 'एकाकी' हा शब्द ज्याला सोसावे लागते त्याच्याविषयी बोलतो, परंतु ज्याने ते सोसायला लावले त्याच्याविषयी तो गप्प राहतो. आपल्या भाषेत 'एकटा पडला' आणि 'एकटा पाडला' अशी दोन वाक्ये आहेत. त्यांत फरक फक्त एका कान्याचा, पण दुसऱ्या वाक्यात पाडणारा कोणीतरी असावाच लागतो आणि तो कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. तुमच्या नऊ नावांमध्ये पडलेले आणि पाडलेले यांची सरमिसळ झाली आहे. ती निवडून वेगळी करणे हेच तुमच्या प्रकल्पाचे खरे काम आहे, आणि ते झाले की लिखाणाची अडचण बरीचशी सुटेल.

1937 साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑफ माइस अँड मेन'चे चौथे प्रकरण पुन्हा उघडा. या वेळी फक्त खोली बघा. कोठाराच्या भिंतीला टेकवून काढलेली ती एक पडवी आहे. एका बाजूला लहान खिडकी, दुसऱ्या बाजूला कोठारात उघडणारे अरुंद फळ्यांचे दार. पेंढा भरलेली लांबट पेटी हाच पलंग. भिंतीवर घोड्यांचा तुटका साज दुरुस्तीसाठी टांगलेला आहे, आणि औषधांच्या बाटल्या घोड्यांच्या आणि त्याच्या स्वतःच्या, दोन्ही तिथेच आहेत. शिवाय त्याच्याजवळ पुस्तके आहेत. एक जीर्ण शब्दकोश, आणि हाताळून हाताळून फाटलेली, कॅलिफोर्नियाच्या दिवाणी कायद्याची 1905 सालची प्रत. या एका पुस्तकापाशी मी दर वाचनात थांबतो. ज्याला इतर गड्यांच्या झोपायच्या खोलीत पाय ठेवू दिला जात नाही, तो माणूस रात्री एकटा बसून आपले हक्क काय आहेत ते वाचतो. स्टाइनबेकने त्यावर एक अक्षर भाष्य केलेले नाही. पुस्तक फळीवर ठेवले आणि तो पुढे गेला.

त्याच कादंबरीत आधी म्हातारा गडी कँडी नाताळची एक हकिकत सांगतो. मालकाने गड्यांना दारू आणून दिली होती आणि त्या रात्री क्रुक्सला आत येऊ दिले. आत आल्यावर एक गडी त्याच्याशी मारामारी करायला उठला. वर्षातून एका रात्रीची ती परवानगी वाचताना खानदेशातल्या माणसाला पोळा आठवल्याशिवाय राहणार नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे साल ठरते, पोळ्याला बैलांबरोबर सालदाराचाही मान होतो, त्याला पुरणपोळीचे जेवण मिळते. परंतु ते ताट कुठे वाढले जात असे, ओट्यावर, अंगणात, की गोठ्याच्या दारात, हे तुमच्या आजींना पक्के ठाऊक असणार. मान होता हेही खरे आणि ताटाची जागा ठरलेली होती हेही खरे. कादंबरी वाचताना या दोन्ही गोष्टी एकत्र धरता आल्या पाहिजेत, नाहीतर मालक दुष्ट आणि गडी गरीब अशी सोपी मांडणी हाती लागते आणि माणसे निसटतात.

इथे मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या धाब्याच्या घरातही मागच्या दारी असा कप होता. कान तुटलेला, आतून तपकिरी डाग चढलेला, भिंतीतल्या कोनाड्यात पालथा घातलेला. सालदार तो स्वतः काढून घेत, स्वतः विसळत आणि ओट्याखाली ठेवत. मी सात-आठ वर्षांचा असताना चहा द्यायचे काम माझ्याकडे असे. "वरून ओत" एवढेच मला शिकवलेले होते. किटलीची तोटी कपाच्या वर वीतभर धरायची आणि धार लावायची. माझा हात चांगला बसलेला होता, एक थेंब सांडत नसे, आणि त्याचे घरात कौतुक होई. ती वीतभर जागा म्हणजे काय होते, हे मला फार उशिरा कळले. त्यात माझ्या आईवडिलांपेक्षा कादंबऱ्यांचा वाटा मोठा आहे. तुमच्या पत्रातले आजींचे वाक्य वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही, त्याचे कारण हे.

आता प्रकल्पाच्या गाभ्याकडे येतो. क्रुक्सला केवळ सोसणारा माणूस म्हणून मांडू नका. मळ्यावरचा भोळा गडी लेनी त्याच्या दारात येतो तेव्हा तो आधी त्याला हुसकावतो. तुमच्या खोलीत मला येऊ देत नाहीत, तर माझ्या खोलीत येण्याचा तुम्हालाही हक्क नाही, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे ज्या भिंतीने त्याला बाहेर ठेवले तीच भिंत आता तो स्वतःची म्हणून राखतो. त्याच्यापाशी तेवढीच एक मालमत्ता उरली आहे. मग तो लेनीला आत घेतो आणि तुला सांभाळणारा जोडीदार जॉर्ज परत आलाच नाही तर काय करशील, असे विचारून त्या भोळ्या माणसाला छळतो. हा छळ वाचायला कठीण जातो, परंतु लेखकाची खरी ताकद इथे दिसते. पाडलेला माणूस आपल्यापेक्षा दुबळा कोणी सापडला की त्याच्यावर काय करतो, हे त्याने झाकून ठेवलेले नाही. थोड्या वेळाने कँडीही येतो. इतकी वर्षे एकाच मळ्यावर राहून या खोलीत आपण आज पहिल्यांदा आलो, असे तो म्हणतो, आणि क्रुक्सला आपला आनंद रागाखाली लपवणे जड जाते. पुढे काही मिनिटे क्रुक्सही लेनी, जॉर्ज आणि कँडी यांच्या, स्वतःचा जमिनीचा तुकडा घेण्याच्या स्वप्नात सामील होतो. नुसत्या पोटावारी राबेन, म्हणतो.

मग मालकाच्या मुलाची, कर्लीची बायको दारात उभी राहते. ती स्वतः त्या मळ्यावर एकटी पडलेली आहे. तिच्याशी कोणी बोलत नाही, आणि लेखकाने तिला नावसुद्धा दिलेले नाही. बोलायला माणूस शोधत ती आली आहे. परंतु क्रुक्सने तिला खोलीबाहेर जा म्हणताच ती त्याला आठवण करून देते की, तिने एक शब्द काढला तर त्याला झाडाला लटकवतील. तो तिथल्या तिथे मिटतो. ती गेल्यावर स्वप्नातला आपला वाटाही तो परत करतो. आपण गंमत केली, असे म्हणतो.

हे दृश्य 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधल्या मेयेला यूएलच्या शेजारी ठेवा. ती 1960 सालची कादंबरी आहे आणि घडते 1930 च्या दशकातल्या अलाबामात. मेयेला ही गरीब गोरी मुलगी गावाच्या उकिरड्याजवळ राहते, धाकट्या भावंडांचे करते, आणि अंगणात टवके उडालेल्या भांड्यांत तांबडी जिरेनियमची फुले जपते. तुझे मित्रमैत्रिणी कोण, असे न्यायालयात विचारले तर आपली थट्टा होते आहे, असे तिला वाटते. वर्षभर नाणी साठवून ती भावंडांना आइस्क्रीम खायला गावात पाठवते, ते टॉम रॉबिन्सन हा काळा मजूर, एकटाच, तिच्याशी नीट वागला म्हणून. आणि ते उघडकीला आले तेव्हा त्याच माणसावर ती बलात्काराचा आळ घेते. एकटेपण दोघांनाही आहे. परंतु त्या एकटेपणातून सुटायला तिच्या हाती एक हत्यार आहे, ते तिने घडवलेले नाही, गावाने पिढ्यान्‌पिढ्या तयार ठेवलेले आहे; टॉमच्या हाती तसे काही नाही. शिवाय तो साक्षीत म्हणतो की, मला तिची दया आली. गोऱ्या माणसाची दया काळ्या माणसाला यावी, हेच त्या न्यायालयाला सहन होत नाही.

दोन्ही कादंबऱ्यांचे खरे समान सूत्र मला इथे दिसते. दोन्हींत अनेक एकटी माणसे आहेत, हे वरवरचे साम्य झाले. एकटी पडलेली एक बाई भिंतीच्या आधाराने, वेगळ्या ठेवलेल्या एका पुरुषाला चिरडू शकते, आणि तसे करूनही तिचे एकटेपण तिळमात्र कमी होत नाही, हे खोलवरचे साम्य आहे. तक्ता बाजूला ठेवून एवढ्या एकाच गोष्टीवर तुम्ही वीस पाने लिहिलीत तरी प्रकल्प उभा राहील.

त्याच कादंबरीतल्या बू रॅडलीला मात्र या रांगेत बसवू नका. त्याला आधी बापाने घरात कोंडले, पुढे भावाने झाडाच्या ढोलीत सिमेंट भरून शेजारच्या फिंच मुलांशी असलेला त्याचा शेवटचा धागाही बुजवला. हे क्रौर्यच आहे. परंतु ते एका घरातले आहे. शेवटी तो बाहेर येतो, हल्लेखोराला मारून मुलांचा जीव वाचवतो, आणि त्याच्यावर खटला होऊ नये म्हणून स्वतः शेरीफ पुढे होतो. टॉमसाठी तो कायदा असा वाकत नाही. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनमध्ये सापडून निकामी झालेला आहे. ज्यांच्या घरी जिनिंगवर मजुरीला गेलेले कोणी असेल त्यांना हे वाक्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही. त्या हाताने गुन्हा घडूच शकत नव्हता, हे पंचांना डोळ्यांनी दिसते आणि तरीही निकाल विरुद्ध जातो. फिंचांची गोरी मुले त्या दिवशी काळ्या लोकांच्या सज्जात बसून खटला पाहतात, आणि तिथली चार माणसे उठून त्यांना पुढच्या जागा देतात. खाली जागा नसलेल्यांनी वरची आपली जागाही सोडली. ते दोन ओळींत येते आणि सहज नजरेआड होते. तुम्ही ते होऊ देऊ नका.

काळाचे भान मात्र ठेवा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1896 साली 'वेगळे पण समान' या तत्त्वाला मान्यता दिली, आणि शाळांच्या बाबतीत ते 1954 साली मोडीत काढले. अलाबामातला सज्जा त्या तत्त्वाच्या छत्राखाली उभा होता. क्रुक्सची पडवी मळ्याच्या रीतीने उभी राहिली होती. आपल्याकडचा कप कोणत्याही कायद्यात लिहिलेला नव्हता, म्हणून 1950 साली संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली तरी कोनाडे काही आपोआप रिकामे झाले नाहीत.

आणि एक मोठा फरक आहे, तो लपवू नका. 'टू किल अ मॉकिंगबर्ड'मधल्या मेकोंब गावात कॅलपर्निया ही काळी बाई गोऱ्या फिंचांच्या घरात स्वयंपाक करते, मुलांना वाढवते, आणि तिच्या हातचे सगळे जेवतात. तिथली भिंत न्यायालयात, चर्चमध्ये, लग्नसंबंधात आहे. आपल्याकडे नेमकी चुलीपाशी आणि पाण्याच्या माठापाशी होती. वंश आणि जात यांत नाते आहे, पण भिंतीची जागा वेगळी आहे, आणि ती दाखवलीत तर तुमचे लेखन अमेरिकन समीक्षेची नक्कल होणार नाही.

मराठीतले एक पुस्तक सोबतीला जरूर घ्या. विभावरी शिरूरकर यांची 'बळी' ही 1950 सालची कादंबरी. त्यांनी, म्हणजे मालतीबाई बेडेकरांनी, 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या सोलापूरच्या वसाहतीत काम केलेले होते. 1871 च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांना तारेच्या कुंपणाआड ठेवून हजेरी घेतली जाई, आणि तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. वेगळे ठेवण्याचे इतके उघड रूप तुमच्या दोन्ही इंग्रजी कादंबऱ्यांतही नाही. उलट बाजूला भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ठेवा. आपल्याच खानदेशातला पांडुरंग सांगवीकर पुण्यात एकटा होत जातो, आणि ते एकटेपण अतिशय खरे आहे. तरीही परतायला त्याच्यामागे सांगवीत वडिलांचे घर आहे, शेती आहे, गावात जागा आहे. तो पडलेला आहे, त्याला पाडलेले नाही. त्यामुळे त्याचे दुःख लहान ठरते, असे मी म्हणत नाही. ते वेगळ्या जातीचे दुःख आहे, एवढेच.

आजोबांविषयी. मार्गदर्शकांचे म्हणणे मी पूर्ण चूक मानत नाही. प्रकल्पाच्या विवेचनात पुरावा कादंबरीतूनच आला पाहिजे. आजोबांच्या कपाने क्रुक्सविषयी काही सिद्ध होत नाही. परंतु आपण हा प्रश्न कुठून विचारतो आहोत हे वाचकाला सांगणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे, आणि त्यासाठी मनोगताचे एक पान असते. तिथे आजींचे वाक्य अहिराणीतच लिहा, खाली प्रमाण मराठीत अर्थ द्या. आधी आजींना विचारा. गावाचे आणि मालकाच्या घराण्याचे नाव घालू नका. त्याने प्रकल्पात भर पडणार नाही आणि गावी राहणाऱ्यांना त्रास होईल. मार्गदर्शकांना हे पान आधी दाखवा आणि शांतपणे सांगा की, पात्रांच्या तक्त्याऐवजी दोन खोल्यांचा अभ्यास मांडायचा आहे, एक क्रुक्सची पडवी आणि दुसरा न्यायालयाचा सज्जा. अशी नेमकी मागणी मार्गदर्शक सहसा नाकारत नाहीत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुमचा स्वभाव एकलकोंडा नाही. आजीला कादंबरी सांगत बसणारी मुलगी एकलकोंडी नसते. आडनाव विचारून डबे हलवले गेले, ते वेगळे ठेवणेच होते. त्याला दुसरे सौम्य नाव देऊ नका आणि त्याचा दोष स्वतःकडे घेऊ नका. त्यानंतर तुम्ही दार लावून घेतलेत, तेही समजण्यासारखे आहे. पण आता दाराची कडी आतून आहे, आणि क्रुक्सची गोष्ट तुम्ही माझ्याहून बारकाईने वाचली आहे. हुसकावल्यावरही लेनी दारातून हलला नाही, कारण त्याला खोलीतला दिवा दिसला होता. चहाला बोलावणारी ही मुलगी लेनी आहे की आणखी कोणी, हे मला इथून सांगता येणार नाही, तुम्हालाही दार उघडल्याशिवाय कळणार नाही. एकदा तिच्याबरोबर जा. पहिल्याच दिवशी सगळे बोलायची गरज नाही. टपरीवर चहा येतो तेव्हा कप कसे ठेवले जातात, ती कुठे बसते, काय विचारते, हे बघा. ती नजर तुम्हाला आजीकडून मिळालेली आहे. आणि त्या दोघींपैकी कोणी पुन्हा तसे वागले, तर वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे लेखी तक्रार करा आणि तिची प्रत स्वतःजवळ ठेवा. तो तुमचा हक्क आहे, आणि कायदा तुमच्या बाजूने आहे.

प्रकरणाचा शेवट आजींना सांगितला होता का, ते पत्रात नाही. सगळे निघून गेल्यावर क्रुक्स पुन्हा पेटीवर बसतो, सदरा मागून वर ओढतो, हातावर थोडे औषध ओततो आणि स्वतःची पाठ स्वतःच चोळू लागतो, कारण चोळून द्यायला दुसरे कोणी नाही. पुढच्या सुटीत त्यांना तेवढे वाचून दाखवा, आणि त्या काय म्हणाल्या ते मला कळवा.